बोटीच्या ट्रेलरचे टायर: घेताना काय बघायचं आणि टिकवायचे कसे

नवीन बोट घेतलेला माणूस पाण्यावर जायच्या आदल्या रात्री इंजिन बघतो, बॅटरी बघतो, लाइफ जॅकेट मोजतो, दोर दोनदा तपासतो. पण हा सगळा भार ज्या दोन चाकांवर रस्त्याने जाणार आहे त्यांच्याकडे वाकून बघायचं राहूनच जातं. माझंही तेच झालं होतं. सेकंडहँड ट्रेलर घेतला होता, टायरची नक्षी मस्त खोल, बघणारा म्हणेल नवेच आहेत, म्हणून मी हातसुद्धा लावला नाही. आणि भर हायवेवर एका टायरची वरची अख्खी पट्टी सोलून निघाली, तिने मडगार्ड वाकवलं आणि मागच्या लाइटची वायर तोडली. टायर बदलून देणाऱ्याने जुन्या टायरच्या बाजूवर कोरलेले चार आकडे दाखवले तेव्हा कळलं की तो टायर अकरा वर्षांचा होता.

तेव्हापासून नव्या माणसाला मी आधी हेच सांगतो. कारचा टायर चालून चालून झिजतो, बोटीच्या ट्रेलरचा टायर उभ्या उभ्या म्हातारा होतो. वर्षातले बरेच महिने तो उन्हात एका जागी असतो, मग एक दिवस त्याच्यावर पूर्ण वजन टाकून आपण त्याला तापलेल्या रस्त्यावर पळवतो आणि शेवटी पाण्यात बुडवतो. त्यामुळे नुसती नक्षी बघून काहीच कळत नाही. वय, वजन आणि हवा या तीनच गोष्टींनी हे टायर जातात, म्हणून खाली बहुतेक सगळं त्याबद्दलच आहे.

पहिली पायरी: वजन काढा

टायर घ्यायला जायच्या आधी आपल्याला किती वजन ओढायचंय हे माहीत पाहिजे, आणि इथेच बहुतेक जण चुकतात, कारण ब्रोशरमध्ये लिहिलेलं बोटीचं वजन बरेचदा नुसत्या हलचं, म्हणजे बोटीच्या रिकाम्या सांगाड्याचं असतं. त्यात इंजिन नसतं, इंधन नसतं, बॅटऱ्या, नांगर, साखळी, आइसबॉक्स, सामानसुमान काही नसतं. पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो धरा, पाणी लिटरला एक किलो. आणि पावसात उघड्यावर असलेल्या बोटीत तळाला पाणी साचलं असेल तर तेही वजनच आहे, म्हणून निघण्याआधी तळाचं बूच काढून पाणी सोडून द्या. परत पाण्यात उतरवताना बूच लावायला मात्र विसरू नका.

एक हिशोब करून दाखवतो. इंजिनसकट बोट १००० किलो, १५० लिटर पेट्रोल म्हणजे ११० किलोच्या आसपास, सामान ९० किलो, ट्रेलर स्वतः ३०० किलो, झाले १५०० किलो. यातलं थोडं वजन गाडीच्या हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या हुकवर जातं, बोटीच्या ट्रेलरला ते साधारण ५ ते १० टक्के असतं, इथे १०० किलो धरू. उरले १४०० किलो, दोन टायर, म्हणजे प्रत्येकावर ७००. आता ७०० किलोचा टायर घ्यायचा का? नाही. बोटीचं वजन कधीच दोन्ही बाजूंना अगदी सारखं नसतं, एका बाजूला बॅटरी, एका बाजूला टाकी, त्यात वळणावर आणि खड्ड्यात एका चाकावर जास्त भार येतो, म्हणून वर निदान १५-२० टक्के हात राखून घ्या. २० टक्के धरले तर ८४० किलो पेलणारा टायर पाहिजे.

याहून चांगलं म्हणजे एकदा बोट पूर्ण भरून, टाकी फुल्ल करून वजनकाट्यावर न्या. ट्रेलर गाडीला जोडलेलाच ठेवा आणि फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर घ्या, जो आकडा येईल तेच टायरवर पडणारं खरं वजन. एकदा करून लिहून ठेवा, पुढे बरीच वर्षं कामाला येतं.

दुसरी पायरी: टायरच्या बाजूवर काय लिहिलंय ते वाचायला शिका

साइडवॉलवरचे आकडे पहिल्यांदा बघताना घाबरायला होतं पण फार काही नाही त्यात. समजा 'एसटी २०५/७५ आर १५' असं लिहिलंय. एसटी म्हणजे खास ट्रेलरसाठी बनवलेला टायर. २०५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के. आर म्हणजे रेडियल, ज्यात आतले धागे कडेपासून कडेपर्यंत सरळ आडवे असतात; तिथे डी असेल तर बायस, ज्यात ते तिरपे असतात. आणि १५ हा रिमचा व्यास इंचात.

त्यानंतर लोड रेंजचं अक्षर, बी, सी, डी किंवा ई. हे टायरची ताकद सांगतं, आणि एकाच साइजच्या टायरमध्ये इथे केवढा फरक पडतो बघा. वरच्याच साइजचा सी रेंजचा टायर ५० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवेवर साधारण ८२५ किलो पेलतो, डी रेंजचा ६५ पीएसआयवर ९७५ किलो. आपल्या हिशोबात ८४० पाहिजे होते, म्हणजे सी थोडक्यात कमी पडला आणि डी घ्यायला लागणार. दिसायला दोन्ही टायर सारखेच असतात, दुकानात शेजारी शेजारी ठेवले तर नवख्याला फरक कळणार नाही, म्हणून अक्षर स्वतः वाचून घ्या.

काही टायरवर लोड रेंजच्या जोडीला किंवा त्याऐवजी लोड इंडेक्स म्हणून एक आकडा असतो. १०० म्हणजे ८०० किलो, १०१ म्हणजे ८२५, १०४ म्हणजे ९००, १०७ म्हणजे ९७५. त्याच्या मागचं अक्षर वेगाचं, 'जे' म्हणजे ताशी १०० किलोमीटर, 'के' ११०, 'एल' १२०, 'एम' १३०. एसटी टायरवर वेगाचं अक्षरच नसेल तर तो ताशी ६५ मैल म्हणजे साधारण १०५ किलोमीटरपर्यंतचा समजायचा. ओढणारी गाडी आरामात १२० ने पळते म्हणून ट्रेलरचे टायरही पळतील असं नसतं, वेग वाढला की टायर तापतो आणि तापला की आतले थर एकमेकांपासून सुटायला लागतात. पायाला सवय लावून घ्या.

आता ते चार आकडे. डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी एक लांब ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३२१ म्हणजे २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. २००० सालापासून चार आकड्यांची पद्धत आहे, तीनच आकडे दिसले तर तो टायर त्याआधीचा, त्याच्यावर बोट चढवू नका. कधी कधी पूर्ण ओळ टायरच्या एकाच बाजूला असते आणि ती बाजू नेमकी आत ट्रेलरकडे असते, मग टॉर्च घेऊन खाली आडवं व्हायला लागतं. व्हा, पण बघा. नवे म्हणून घेताना सुद्धा हे आकडे बघायचे, कारण गोडाऊनमध्ये दोन-तीन वर्षं पडून राहिलेला टायर तुमच्या हातात येतानाच त्याचं अर्धं आयुष्य गेलेलं असू शकतं.

किती वर्षांनी बदलायचे? मी पाच वर्षांनी बदलतो, नक्षी कितीही खोल असली तरी. फार फार तर सहा. ट्रेलर कायम उन्हात असेल, लांब पल्ल्याला जात असेल तर त्याही आधी.

तिसरी पायरी: कुठला प्रकार घ्यायचा

कारचे जुने टायर घरात पडलेत, ते लावू का, हा प्रश्न हमखास येतो. माझं उत्तर नाही असंच आहे. कारच्या टायरची बाजू मऊ ठेवलेली असते, खड्ड्यात आतल्या माणसांना धक्का बसू नये म्हणून. ट्रेलरमध्ये कोणी बसलेलं नसतं, तिथे उंच बोट डुलते, वळणावर चाक आडवं घासलं जातं, म्हणून ट्रेलरच्या टायरची बाजू कडक पाहिजे, नाहीतर ट्रेलर मागे शेपटीसारखा हलायला लागतो. शिवाय कारचा टायर ट्रेलरला लावला तर त्यावर लिहिलेली वजनाची क्षमता १.१० ने भागून धरायची असते, म्हणजे ६८० किलो लिहिलं असेल तर ६१८ च उरतात. हे उलटही लागू आहे, ट्रेलरचा टायर गाडीला कधीच लावायचा नाही. युरोपीय टायरवर एफआरटी ही अक्षरं दिसली तर तो फक्त ओढल्या जाणाऱ्या चाकांसाठीच आहे.

रेडियल की बायस, यावर लोक तासन् तास बोलू शकतात. लांब जायचं असेल, हायवेवर चालवायचं असेल तर रेडियल, तो कमी तापतो आणि जास्त टिकतो. छोटी बोट, जवळचा पल्ला, खडबडीत रस्ता असेल तर बायसने काम होतं. पण एका ॲक्सलवर (दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यावर) एक रेडियल एक बायस असं कधीही करू नका, दोन्ही वेगवेगळे वाकतात आणि ट्रेलर एका बाजूला ओढला जातो. दोन ॲक्सलचा ट्रेलर असेल तर चारही टायर एकाच साइजचे, एकाच प्रकारचे आणि जमलं तर एकाच वयाचे ठेवा, उंचीत थोडा फरक पडला तरी उंच टायरवाल्या ॲक्सलवर जास्त भार जातो.

चौथी पायरी: रिम आणि व्हॉल्व

टायर दणकट घेतला आणि रिम तीच जुनी राहिली तर उपयोग नाही. रिमवर सुद्धा किती वजन आणि किती हवेचा दाब चालतो ते ठोकलेलं असतं, बहुतेक वेळा मागच्या बाजूला. सी वरून डी वर जाताना हवा ५० वरून ६५ होते, रिम त्याला चालते का ते बघूनच जा. आणि दणकट टायर लावला म्हणून ॲक्सलची क्षमता वाढत नाही, ट्रेलरच्या प्लेटवर जे कमाल वजन आहे तेवढंच. साध्या रबरी व्हॉल्वची मर्यादा साधारण ६५ पीएसआय असते, ई रेंजचे ८० पीएसआयचे टायर लावणार असाल तर धातूचे, आतून नट लावून बसवायचे व्हॉल्व घ्या. आणि नवीन टायरबरोबर व्हॉल्व नवीनच टाका, जुन्या व्हॉल्वचं रबर बुडापाशी चिरलेलं असतं आणि वरून दिसत नाही.

खाऱ्या पाण्यात उतरवत असाल तर रंगवलेल्या लोखंडी रिमच्या वाटेला जाऊ नका, गॅल्वनाइज्ड किंवा ॲल्युमिनियमच्या घ्या. मिठाने रिमची कड गंजते, टायर जिथे रिमला चिकटून बसतो तिथे खडबडीत होतं आणि तिथून हळूहळू हवा जाते. पंक्चरवाला टायर पाण्यात बुडवून शोधत बसतो आणि टायरला भोक काही सापडत नाही. दर पंधरा दिवसांनी एकाच चाकाची हवा कमी होत असेल तर पहिला संशय या कडेवर घ्या.

पाचवी पायरी: हवा

पूर्ण लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त चेपतो, चेपला की तापतो, आणि आपल्याला गाडीत बसून काही म्हणजे काही कळत नाही कारण ट्रेलरचं स्टिअरिंग आपल्या हातात नसतं. कारमध्ये हवा कमी झाली तर गाडी जड वाटते, ओढते. ट्रेलरमध्ये थेट आवाज येतो तोपर्यंत उशीर झालेला असतो.

एसटी टायर असेल तर साइडवॉलवर जो कमाल दाब लिहिलाय तेवढी पूर्ण हवा ठेवायची. सर्वसाधारणपणे बी ला ३५, सी ला ५०, डी ला ६५, ई ला ८० पीएसआय, पण ८ आणि १२ इंची छोट्या चाकांचे आकडे वेगळे असतात, ६० किंवा ९० सुद्धा, म्हणून तुमच्या टायरवर लिहिलेलंच खरं. दुसऱ्या प्रकारचा टायर असेल तर ट्रेलरच्या प्लेटवर किंवा पुस्तकात बघा. कारला ३२-३५ भरायची सवय असलेला पंपवाला ट्रेलरलाही तेवढीच भरून मोकळा होतो, त्याला आकडा सांगा आणि स्वतः मोजा. स्वतःचा चांगला गेज घ्याच.

हवा थंड टायरमध्ये मोजायची, म्हणजे ट्रेलर निदान तीन तास उभा असला पाहिजे, तोही उन्हात तापलेला नको. सकाळी निघण्याआधीची वेळ उत्तम. चालून आल्यावर मोजली तर चार-सहा पीएसआय जास्त दिसते, ती बरोबर आहे, ती सोडून द्यायची नाही! सोडली की टायर थंड झाल्यावर कमी हवेचा होतो आणि पुढच्या प्रवासात तोच जास्त तापतो. आणि हवामान गार झालं की दर पाच-सहा अंशाला साधारण एक ते दीड पीएसआय आपोआप उतरते, त्यामुळे ऋतू बदलला की परत मोजा. व्हॉल्वची टोपी हरवली असेल तर लगेच नवी लावा, ट्रेलर पाण्यात जातो तेव्हा वाळू आणि मीठ थेट व्हॉल्वच्या आत जाऊन बसतं.

सहावी पायरी: पाण्यात उतरवताना आणि काढल्यावर

हा भाग टायरपेक्षा हबचा, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याचा, आणि त्यातल्या बेअरिंगचा आहे, पण बेअरिंग गेलं तर चाकच निघून जातं त्यामुळे वेगळं करून चालत नाही. लांबून चालून आलेला हब गरम असतो. तसाच गार पाण्यात बुडवला की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढलं जातं, मग ग्रीसमध्ये पाणी, मग गंज. म्हणून रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात सोडायच्या उतारावर पोचलात की लगेच मागे घेऊ नका, पंधरा-वीस मिनिटं थांबा. तेवढ्यात पट्टे सोडा, सामान चढवा, बूच लावा, बोटीच्या बाजूला धक्का झेलणारे फेंडर बांधा, वेळ वाया जात नाही. हबला हात लावून कोमट वाटला की उतरवा. ग्रीस मरीनच घ्या, पाण्याने धुऊन जात नाही अशी. स्प्रिंगवाली ग्रीस कॅप असेल तर त्यात ठासून भरू नका, जास्त दाबाने मागचं सील बाहेर ढकललं जातं आणि ग्रीस टायरच्या आतल्या बाजूला उडते. टायरच्या आतल्या बाजूला काळं तेलकट दिसलं तर समजा सील गेलं. वर्षातून एकदा हब उघडून साफ करून नवीन ग्रीस भरायची.

परत आल्यावर चाकं, रिम, नट, ब्रेक असेल तर ब्रेक, सगळं गोड्या पाण्याने धुवायचं. खाऱ्या पाण्यानंतर त्याच दिवशी. उद्या करू म्हटलं की राहतं.

उभा असताना

आता ज्याच्यामुळे टायर खरे मरतात ते. रबरात ओझोनपासून आणि उन्हापासून वाचवणारी मेणासारखी द्रव्यं मिसळलेली असतात, टायर फिरतो, वाकतो तेव्हा ती हळूहळू पृष्ठभागावर येतात. महिनोन् महिने उभ्या टायरमध्ये ती आतच राहतात आणि वरचं रबर कोरडं पडून बारीक चिरा जायला लागतात. म्हणून महिन्या दोन महिन्यांनी ट्रेलर जोडून पाच-दहा किलोमीटर फिरवून आणा, बोट नसली तरी चालेल.

लांब काळ उभा ठेवायचा असेल तर बोटीतलं सामान आणि पाणी काढा, ट्रेलर स्टँडवर असा उचला की चाकं जमिनीपासून जेमतेम वर राहतील, म्हणजे खालून चपटे होणार नाहीत. स्टँड कुठे लावायचे ते ट्रेलरच्या पुस्तकात असतं, फ्रेमच्या बळकट जागेवरच लावा. उचलणं शक्य नसेल तर चाकाखाली लाकडी फळी टाका आणि अधूनमधून थोडं पुढे मागे करा. हवा पूर्ण भरून ठेवा. टायरला कव्हर घाला, कुठलंही अपारदर्शक कापड चालतं. आणि टायर काळा चमकावणारं तेलकट पॉलिश लावू नका, पेट्रोलियमवालं पॉलिश रबरातली तीच संरक्षक द्रव्यं बाहेर काढतं, साबणाचं पाणी पुरे. शेडमध्ये वेल्डिंग किंवा मोठी इलेक्ट्रिक मोटर चालत असेल तर तिथून लांब ठेवा, त्यातून ओझोन बाहेर पडतो.

निघण्याआधी आणि रस्त्यात

निघण्याआधी चाकाभोवती एक फेरी मारा. बाजूला फुगवटा दिसला तर तो टायर संपला, दुरुस्ती नाही. चिरांमधून आतले धागे दिसले तरी तेच. पंक्चर नक्षीच्या भागात असेल तर टायर काढून आतून पॅच मारून घेता येतं, बाजूच्या भिंतीवरचं पंक्चर काढून त्यावर बोट नेऊ नका. नक्षी कुठे झिजलीये तेही काहीतरी सांगत असतं, मध्ये झिजली तर हवा जास्त, दोन्ही कडांना झिजली तर हवा कमी किंवा वजन जास्त, एकाच कडेला झिजली तर ॲक्सल वाकलाय किंवा अलाइनमेंट गेलंय, आणि ठिकठिकाणी खळगे पडलेत तर बॅलन्सिंग किंवा ढिलं बेअरिंग. कारण न काढता नवीन टायर टाकला तर तोही तसाच जाणार.

पहिला थांबा ३०-४० किलोमीटरवर घ्या. खाली उतरून प्रत्येक हबजवळ आणि टायरजवळ हाताची मागची बाजू न्या, एकदम टेकवू नका. सगळे सारखेच गरम असतील तर ठीक. एखादाच बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर हवा कमी, बेअरिंग खराब किंवा ब्रेक घासतोय, तिघांपैकी एक आहेच, ते बघितल्याशिवाय पुढे निघू नका.

स्टेपनी हवीच, आणि ती त्याच साइजची, त्याच लोड रेंजची, त्याच नट-अंतराच्या रिमवर. तिचंही वय होतं, ट्रेलरच्या तोंडाशी उघड्यावर लटकून ती तर जास्तच उन्हात असते, म्हणून तिलाही कव्हर आणि तिचीही हवा मोजा. गाडीचा पाना ट्रेलरच्या नटाला बसेलच असं नाही, गाडीचा जॅक ट्रेलरखाली बसेलच आणि भरलेली बोट उचलेलच असंही नाही. घरीच एकदा भरल्या ट्रेलरचं चाक काढून बसवून बघा, जे सामान कमी पडेल ते तेव्हाच कळेल. जॅकसाठी एक जाड लाकडी ठोकळा, चाकांना लावायला दोन गुटके आणि रात्रीसाठी डोक्याचा टॉर्च, एवढं ट्रेलरबरोबरच ठेवून द्या.

चाक बसवताना नट हाताने सुरू करा, मग समोरासमोरचे असे आलटून पालटून घट्ट करा आणि शेवटी टॉर्क पान्याने ट्रेलरच्या पुस्तकात दिलेल्या आकड्यावर आणा. नवीन बसवलेल्या चाकाचे नट पहिल्या ८० किलोमीटरमध्ये थोडे ढिले होतात, रिम जागेवर बसते म्हणून, तर तेवढं अंतर झालं की कुठेतरी बाजूला घेऊन तोच पाना परत एकदा सगळ्या नटांवर फिरवून घ्या.